ट्यूब खरंच श्वासनळीत आहे का? अँब्युलन्समधल्या या चुका टाळा

"कॉर्ड्समधून (स्वरतंतूंमधून) जाताना मी डोळ्यांनी पाहिली." पेशंटच्या तोंडातून श्वासनळीत ट्यूब टाकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ट्यूब आत गेली होती आणि ट्यूब आत्ता आत आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी आतली तार) ओढताना किंवा टेप लावताना ती अन्ननलिकेत घसरू शकते. मग आपण श्वास देणारी बॅग दाबतो, पोट फुगत जातं आणि पेशंट गुदमरत राहतो.

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर, शेजारून ट्रक जात असताना, स्टेथोस्कोपमधून काय ऐकू येणार? ऐकायचं तर आहेच : आधी पोटावर, मग दोन्ही काखांत. पण तेवढ्यावर विसंबू नका. बारीक अंगाच्या माणसात आणि लहान मुलांत पोटात जाणारी हवासुद्धा छातीवर श्वासासारखी ऐकू येते. ट्यूबमध्ये धरणारी वाफ अन्ननलिकेतही दिसते. पल्स ऑक्सिमीटर तर उशिरा बोलतो. आधी भरपूर ऑक्सिजन दिला असेल, तर चुकीच्या जागी ट्यूब असूनही आकडा काही मिनिटं ९८ दाखवू शकतो.

विश्वास ठेवायचा तो कॅप्नोग्राफच्या (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) लहरीवर, आणि तीही प्रत्येक श्वासाला येणाऱ्या. कार्बन डायऑक्साइड लागला की रंग बदलणारा डिटेक्टरच हाताशी असेल, तर किमान ६ श्वास द्या आणि मगच जांभळ्याचा पिवळा झाला का ते ठरवा. पेशंट नुकताच सोडा प्यायला असेल, तर पहिल्या काही श्वासांना पोटातूनही कार्बन डायऑक्साइड येतो. जठरातलं आम्ल लागलं तर डिटेक्टर पिवळाच राहतो.

आता सगळ्यांत घातक सबब : "अरेस्ट आहे (हृदय थांबलंय), म्हणून लहर येत नाही." हे मनातून काढून टाका. छातीवर दाब नीट दिले जात असतील, तर थोडं का होईना रक्त फुप्फुसात पोहोचतं आणि बुटकी का होईना लहर उमटते. कार्बन डायऑक्साइडचा आकडा नेहमीच्या ३५ ते ४५ mmHg च्या बराच खाली असेल, पण रेषा सपाट नसेल. सपाट असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरा. सॅम्पलिंग लाइन (कॅप्नोग्राफला जोडलेली बारीक नळी) निसटली किंवा तुंबली नाही ना, हे क्षणात बघा, लॅरिंगोस्कोपने (घशात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने) पुन्हा पाहा. शंका उरली तर ट्यूब काढा आणि मास्कने किंवा आय-जेलने (घशात बसवायच्या मऊ नळीने) श्वास द्या. ट्यूब काढण्यात कमीपणा वाटतो, सीनियर काय म्हणतील अशी भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. तरीही काढा.

एक गोष्ट मात्र लहर सांगत नाही : खोली. ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये (फुप्फुसाकडे जाणाऱ्या फाट्यात) उतरली तरी लहर छान येते. दातांपाशी स्त्रियांत साधारण २१ आणि पुरुषांत २३ सेंटीमीटरची खूण असावी. डावीकडे हवा कमी वाटली, तर कफ (ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा) सैल करून ट्यूब थोडी वर घ्या आणि पुन्हा ऐका.

कसबा पेठेतल्या जुन्या वाड्याचा लाकडी जिना आठवा. एकाच्या हातात स्ट्रेचर, एकाच्या हातात बॅग आणि पेशंटची मान हलतेय. मान पुढे झुकली की ट्यूब खोल जाते, मागे गेली की वर येते. म्हणून जिना उतरल्यावर, गाडीत चढवल्यावर, ट्रॉली बदलल्यावर, दर वेळी लहर पाहा. मानेला इजा नसली तरी कॉलर लावली, तर डोकं कमी हलतं. उचलताना बॅग क्षणभर सोडवून घेतली, तर ती ट्यूबला ओढत नाही.

वाटेत अचानक बिघडलं, तर क्रम ठरलेला ठेवा : ट्यूब सरकली का, तुंबली का, छातीत हवा कोंडली का, सिलिंडर किंवा जोडणी गेली का. सिलिंडरपाशी आपण फार उशिरा पोहोचतो.

ससून हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर घेतल्यावर तिथल्या डॉक्टरांना चालू लहर दाखवा. दातांपाशीचा सेंटीमीटरचा आकडा आणि वेळ कागदावर लिहून द्या. तोवर कॅप्नोग्राफची लाइन काढू नका.