घराखालचा वास काढायला उतरण्याआधी

घराच्या तळाखाली रांगत शिरता येईल एवढी मातीची पोकळी (क्रॉल स्पेस) असते, सांडपाण्याचा पाइप तिथे गळला की वास सुटतो. मागच्या वेळी मी तिथली माती काढली, चुना टाकला, नवं प्लास्टिक अंथरलं आणि हात झटकून वर आलो. पंधरा दिवसांत वास परत. प्लंबरने बदललेला पाइप ठणठणीत कोरडा होता. गळत होता तो त्याच्या पुढचा सांधा, आणि तोही वरच्या टबातलं पाणी एकदम सोडलं तरच. सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे अगदी शब्दशः.

म्हणून साफसफाईला हात लावण्याआधी गळती थांबलीय का ते स्वतः तपासायचं. प्लंबरचं "झालं" म्हणजे तपासणी नव्हे. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. मग वर कुणाला तरी टब आणि सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायला सांगा, फ्लशही दोन-तीनदा. अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन कागद बघा. नुसता नळ सोडून भागत नाही, कारण आडवा पाइप तेव्हा तळाशीच वाहतो आणि वरच्या अंगाची चीर कोरडी राहते. मी नळच सोडला होता.

पण हे करायला आत जावं लागणार, तेव्हा त्याची तयारी. हातमोजे, बूट, गॉगल, जुने कपडे: सांगायला नको. त्या भागाची वीज बंद करा. पाणी साचलेलं असेल आणि वीज बंद झाल्याची खात्री नसेल, तर उतरूच नका. पोकळीच्या तोंडाची दारं आणि झरोके आधी काही तास उघडे ठेवा. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो आणि साध्या धुळीच्या मास्कला जुमानत नाही. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. आत असताना वास अचानक गेला तर खूश होऊ नका, बाहेर या. मिथेनही असू शकतो, म्हणून काडी, लायटर, सिगारेट काहीही नको. एकट्याने जायचं नाही, बाहेर कुणीतरी हवंच.

आता काढण्याचं काम. तुळयांमधलं भिजलेलं इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा थर) पिशव्यांत भरून टाकून द्या. वाळवून वापरू म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. जुनं प्लास्टिक उचला, त्याखाली पाणी हमखास असतं. वरची पाच-आठ सेंटिमीटर माती खरवडा, खालची काळी आणि वासाची असेल तर आणखी. ब्लीच मातीवर ओतू नका: मैल्यात त्याचा जोर संपतो आणि लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी क्लोरामाइन तयार होतो. एन्झाइमचं द्रावण (घाण खाणारे जिवाणू असलेलं) वापरणार असाल तर त्याच जागी ब्लीच अजिबात नको, ते जिवाणूंना मारतं. चुना टाकणार असाल तर विरवलेलाच (पाणी घालून विझवलेला) घ्या. कळीचा चुना ओल्या मातीत तापतो, आणि डोळ्यांत कुठलाही गेला तरी वाईटच.

मग वाळवणं. वाऱ्याचा झोत घराबाहेर जाईल असा पंखा लावा, नाहीतर सगळी घाण वरच्या खोल्यांत. घाई करू नका. लाकडातली ओल मोजायचं यंत्र मिळालं तर आकडा 20 टक्क्यांच्या खाली येऊ द्या, त्याच्या वर बुरशीची चंगळ.

आणि प्लास्टिक अंथरण्याआधी कागदाची चाचणी पुन्हा. हो, पुन्हा. टब भरून. एकदा प्लास्टिक पडलं की गळती दिसत नाही, नुसता वास येतो. मला तो दोनदा आला.

प्लास्टिक 0.15 मिलिमीटर जाडीचं, पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवून, टेपने चिकटवून. झरोक्यांच्या जाळ्या परत बसवा. कपडे वेगळे धुवा, आंघोळ करा.

एवढं करून वास फक्त वरच येत असेल, तर क्वचित वापराच्या बाथरूममधल्या ट्रॅपमध्ये (पाइपच्या ज्या वाकात साठलेलं पाणी वास अडवतं त्यात) तांब्याभर पाणी ओतून बघा. तो सुकला असणार.