मेथीच्या जुडीचे पैसे अडकले? या चुका टाळा

तीस रुपयांची मेथी. डाव्या हातात पिशवी, उजव्या हातात मोबाइल, चष्मा घरी. स्कॅन केलं, पिन टाकला, स्क्रीनवर चकती गरगर फिरत राहिली. बँकेचा मेसेज आला, म्हणजे माझ्याकडून पैसे गेले. पण दुसऱ्यांचे बारा रुपयेसुद्धा अख्ख्या मंडईला ओरडून सांगणारा तो डबा माझ्या वेळी मौनव्रतात. "आले नाय ओ," मावशी म्हणाल्या. मागचे काका तर मी मेथी घेऊन पळणारच, अशा नजरेनं बघायला लागले.

इथेच पहिली चूक होते: लाजेखातर पुन्हा स्कॅन करणं. मी तेच केलं. कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच मागून डबा बोलला, "तीस रुपये प्राप्त झाले." आणि दोन सेकंदांनी परत, "तीस रुपये प्राप्त झाले." आता मागे जाऊन तीस रुपये कोण मागणार? एक जुडी जास्त घेतली. घरी दोन दिवस मेथीच होती.

तेव्हा आधी ॲपमध्ये व्यवहार उघडून बघा. 'पेंडिंग' दिसत असेल तर काकांकडे दुर्लक्ष करून पाच मिनिटं थांबा. 'फेल' दिसतंय आणि पैसे तर कापलेत, तर 12 आकडी यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) टिपून ठेवा आणि त्याच व्यवहारावर तक्रार टाका. रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे: दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांत आणि व्यक्तीला पाठवलेले अडकले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत परत यायला हवेत. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये बँकेनं द्यायचे. (तीस रुपयांवर दिवसाला शंभर! कुठल्या एफडीत मिळतात? पण माझे पैसे नेमके वेळेवर परत येतात.)

दुसरी चूक महागात पडते. रागाच्या भरात नेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधायचा आणि पहिला दिसेल तो फिरवायचा. खऱ्या कस्टमर केअरला फोन लावला की अर्धा तास सनई ऐकावी लागते. इथे मात्र पहिल्याच रिंगला "हां सर, बोलिए." एवढ्या तत्परतेनंच संशय यायला हवा! हा गडी 'रिफंडसाठी' पिन टाकायला किंवा तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप घ्यायला सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. नंबर ॲपमधून किंवा कार्डाच्या मागून घ्या. फसलाच असाल तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलंच छोटं पाकीट, चालू करून ठेवा. पिन लागत नाही, आणि पैसे आधीच त्यात भरलेले असल्यानं बँकेचा सर्व्हर झोपला तरी सहसा अडत नाही.

आणि तीन टक्के बॅटरीवर बाजारात जाऊ नका. खिशात थोडी रोकड असू द्या. मीही परवा मोठ्या ऐटीत नोट काढली. मावशींनी ती उन्हात धरून बघितली, परत माझ्या हातात दिली. "पाचशेचे सुट्टे कुठनं आणू? स्कॅन करा ना."