इटलीतल्या गावात मराठा सैनिकांना मानवंदना: नावाच्या शोधापासून पुष्पचक्रापर्यंत

इटलीचा राष्ट्रीय मुक्तिदिन २५ एप्रिलला असतो. पण जर्मन फौजा ज्या दिवशी गाव सोडून मागे हटल्या तो दिवस तिथली बरीच लहान गावं वेगळा पाळतात, आणि खरी गर्दी त्याच दिवशी असते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यासाठी हा काळ म्हणजे जुलै १९४४. त्या डोंगराळ भागात १० वी भारतीय डिव्हिजन एकेक टेकडी घेत उत्तरेकडे सरकत होती. तिच्यातल्या ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ ऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला पडले. सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनचा मोर्चा घेतला आणि त्याच मोर्चात प्राण सोडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या या माणगाव तालुक्यातल्या जवानाचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक २०२३ पासून उम्ब्रियातल्या मोंतोने गावात उभं आहे. युरोपातली मराठी मंडळं आणि जवानांचे नातलग अशा ठिकाणी कार्यक्रम करू इच्छितात. त्यासाठी ही तयारी.

पहिलं काम नावांचं, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्या. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, पण आजच्या स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही. रेजिमेंटच्या नावात तेव्हा एक जास्तीचा ‘एच’ होता, ‘मह्राट्टा’ असा. रायगड तेव्हा कुलाबा होता. आडनाव गाळून नुसतं नाव नोंदलेलं असू शकतं, गावाचं नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. म्हणून नावाऐवजी रेजिमेंट, देश आणि मृत्यूची तारीख यांवर गाळणी लावा आणि मग यादी डोळ्यांखालून घाला. घरात जुनी पदकं किंवा पेन्शनचा कागद असेल तर त्यावरचा सर्व्हिस नंबर हा सगळ्यात पक्का धागा.

नाव सापडलं की लोक कबर शोधायला निघतात आणि निराश होतात. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची नावं बहुतेक वेळा दहन-स्मारकाच्या भिंतीवर असतात. ज्यांच्या मृतदेहाचा ठाव लागला नाही त्यांची नावं कॅसिनो स्मारकावर आहेत. घाडगे यांचंही नाव तिथेच आहे. तेव्हा नोंदीतला पॅनेल क्रमांक लिहून घ्या. दफनभूमीच्या प्रवेशाजवळ भिंतीत छोट्या दाराचा कोनाडा असतो. त्यात नोंदवही आणि भेटीची वही ठेवलेली असते.

एक चूक वारंवार होते. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या दोन मराठा जवानांची नावं एका दमात हुतात्म्यांच्या यादीत वाचली जातात. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर पराक्रम केला, पण ते युद्धातून जिवंत परतले. त्यांचा उल्लेख भाषणात करावा, हुतात्म्यांच्या नामोच्चारात नाही.

आता उच्चार. यादी बहुधा नगरपालिकेतलं कुणीतरी वाचणार. इटालियनमध्ये ‘जीई’ ही अक्षरं जोडून आली की ‘जे’ वाचतात, म्हणजे ‘घाडगे’चं ‘गाडजे’ होतं. दोन अक्षरांच्या मध्ये ‘एच’ घाला, लगेच ‘गे’ ऐकू येईल. ‘जाधव’चा पहिला ‘जे’ ते ‘य’सारखा उच्चारतात, तिथे ‘जीआय’ लिहा. अशी इटालियन कानाला जुळणारी यादी वेगळी करा: मोठा ठसा, एका ओळीत एकच नाव, जाड कागद आणि फोल्डर, कारण टेकडीवर वारा असतो. उच्चारांचं रेकॉर्डिंग आठवडाभर आधी पाठवा. एका नावाला, मधल्या विरामासकट, सहा-सात सेकंद धरा. वीस नावांना दोन मिनिटांच्या वर जातात. तीसच्या पुढे नावं असतील तर दोन वाचक घ्या, एकाचा आवाज शेवटी घाईला येतो.

गावाच्या महापौरांना पत्र दोन-तीन महिने आधी आणि इटालियनमध्येच पाठवा. वेगळा कार्यक्रम मागण्यापेक्षा त्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात दहा मिनिटं मागा. तिथल्या प्रथेत साधारणपणे चौकातून बँडसह मिरवणूक निघते, तिरंगी पट्टा घातलेले महापौर पुढे असतात, ध्वजारोहण आणि राष्ट्रगीत होतं, पुष्पचक्र वाहिलं जातं, ट्रम्पेटवर ‘सिलेंझिओ’ ही शोकधून वाजते, मग भाषणं. आपलं पुष्पचक्र त्यांच्या पाठोपाठ. ‘जन गण मन’ ५२ सेकंदांचं. बँडला नोटेशन आधी द्या, नाहीतर रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजवून पाहिलेलं असावं. ढोल-ताशा आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही पलटणीची गर्जना मौनाच्या आधी किंवा ‘सिलेंझिओ’ चालू असताना नको. सगळं संपल्यावर एकदाच, मनापासून द्या. गावकऱ्यांना तिचा अर्थ आधी सांगितलेला असला तर तेही टोपी काढून उभे राहतात.

भाषणाची सुरुवात गावच्या मृतांपासून करा. त्या भागातले पार्टिझान, म्हणजे जर्मनांशी लढलेले स्थानिक लढवय्ये, आणि जर्मनांनी मारलेले सामान्य लोक यांच्या घरचे समोर बसलेले असतात. शिवाय ही फौज अविभाजित हिंदुस्थानची होती. याद्यांत मुसलमान, शीख, गुरखा नावं आहेत. म्हणून मुख्य विधी फुलं, नामोच्चार आणि मौन एवढाच ठेवा. पूजा करायची असेल तर घरच्यांनी बाजूला शांतपणे करावी.

पुष्पचक्र लॉरेलच्या हिरव्या पानांचं सांगा, साठ-सत्तर सेंटिमीटर व्यासाचं, तीन पायांच्या स्टँडसह. स्टँड विसरला की चक्र दगडाला टेकवावं लागतं आणि घसरतं. ऑर्डर दहा दिवस आधी. फित कुठली हे लेखी आणि रंगाच्या नमुन्यासकट द्या, कारण ‘तिरंगी’ म्हटलं की फुलवाला हिरवा-पांढरा-लाल समजतो. झेंडूचा हार मिळाला तर उत्तम, पण तिथे झेंडू कुंडीतलं झाड म्हणून विकला जातो, हाराचं फूल म्हणून सहसा नाही. आणि शेवंती स्मारकापुढे चालते, पण महापौरांच्या हातात स्वागताचा गुच्छ म्हणून देऊ नका. आपल्याकडे ती लग्नाच्या मांडवात असते, इटलीत ती कबरीवरच वाहतात.

दगडावर तेल, हळद, कुंकू, गुलाल काहीही लागू देऊ नका. सच्छिद्र दगडात गेलेला कुंकवाचा डाग पाण्याने निघत नाही, घासला की अक्षरांच्या कडा झिजतात. निरांजन ताटात ठेवा आणि ताट जमिनीवर.

गावची माती घेऊन जाण्याची इच्छा खूप जणांची असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण भारतातून युरोपियन युनियनमध्ये माती नेणं निषिद्ध आहे. ताज्या फुलांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ मात्र त्या प्रमाणपत्रातून वगळलेल्या मोजक्या फळांपैकी आहे. तो फोडायचा तर स्मारकापासून दूर, करवंट्या गोळा करून. मातीच्या जागी गावच्या शाळेतल्या मुलांनी हाताने लिहिलेली नावांची पाटी किंवा कापड न्या.

जुलैत दुपारचं ऊन टाळून सकाळी दहाची वेळ मागा. भारतात तेव्हा दीड वाजलेला असतो, म्हणजे घरची मंडळी व्हिडिओवर बघू शकतात. पण जुलैत कोकणात वीज जाते, तेव्हा थेट प्रक्षेपणासोबत रेकॉर्डिंगही ठेवा. म्हाताऱ्यांसाठी सावलीत खुर्च्या आणि पाणी हे गावाकडे आधी बोलून ठेवा.

निघताना उच्चारांसकटची यादी, पॅनेल क्रमांक आणि रेकॉर्डिंग नगरपालिकेच्या कचेरीत लेखी जमा करा आणि पोच घ्या. महापौर बदलतात, कर्मचारी बदलतात, आणि पुढच्या वर्षी नावं वाचणाऱ्याला ‘घाडगे’ कसं म्हणायचं हे पुन्हा कुणीतरी सांगावं लागतं.