जुना व्हीआर हेडसेट घेताय? या चुका टाळा

सेकंडहँड व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट हातात आला की आपण आधी बाहेरचे ओरखडे बघतो, पट्टा ओढून बघतो आणि लगेच डोक्याला लावतो. पहिल्या खेपेला मीही हेच केलं. हेडसेट नव्यासारखा दिसत होता, सोबत आलेला गेमही झकास चालला. घरी आणल्यावर पांढरी स्क्रीन लावली तेव्हा कुठे डाव्या डोळ्यासमोरचा पिवळसर डाग दिसला. गेममधल्या अंधाऱ्या गुहेत तो लपून गेला होता.

तो डाग उन्हाचा होता. हेडसेटची लेन्स म्हणजे शेवटी भिंगच. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर पुढचं वेगळं सांगायला नको. लेन्स वर करून हेडसेट खिडकीत ठेवला की ऊन आतल्या डिस्प्लेवर एका बिंदूत गोळा होतं आणि तेवढा भाग कायमचा जळतो. यावर घरगुती उपाय नाही. डिस्प्ले बदलायचा खर्च जुन्या हेडसेटच्या किमतीला परवडत नाही. म्हणून पैसे देण्याआधी पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र लावा आणि एकेक डोळा मिटून बघा. पांढऱ्यावर जळके डाग दिसतात, काळ्यावर अडकलेले पिक्सेल.

डाग निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून मोठी फसगत न दिसणाऱ्या गोष्टीत होते.

चूक: यंत्र चालू होतंय ना, मग झालं

टीव्ही जुना झाला तरी टीव्हीच राहतो. व्हीआर हेडसेटचं तसं नाही. त्याचं अर्धं आयुष्य कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालतं. ७ मार्च २०१८ला जगभरचे ऑक्युलस रिफ्ट हे कॉम्प्युटरला जोडून वापरायचे हेडसेट एकाच दिवशी बंद पडले होते. कुणाच्याही यंत्रात बिघाड नव्हता, सॉफ्टवेअरच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तेव्हा कंपनी त्या हेडसेटमागे उभी होती, म्हणून दुरुस्तीही लगेच आली. कंपनीने पाठ फिरवल्यावर असं झालं तर? जुना हेडसेट घेताना मला सगळ्यात आधी हा प्रश्न पडतो, किंमत त्यानंतर.

विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर व्यवस्थेवर चालणारे हेडसेट घेऊन पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण यातला एचपी रिव्हर्ब जी२ आजही चित्राच्या बाबतीत बऱ्याच हेडसेटना हार जाणार नाही. दर डोळ्याला २१६० × २१६० पिक्सेल! पण मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३मध्ये ही व्यवस्था मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. कॉम्प्युटर अपडेट झाला की हेडसेट ओळखलाच जात नाही. ‘काल चालत होता, आज चालत नाही’ अशी तक्रार असेल तर केबल उलटसुलट करण्याआधी विंडोजची आवृत्ती तपासा. २३एच२वर राहिलेल्यांसाठीही नोव्हेंबर २०२६पर्यंतचीच मुदत सांगितली गेली आहे. स्वस्तात मिळतोय म्हणून हा हेडसेट घेणाऱ्याने एवढं समजूनच घ्यावा.

ऑक्युलसचाच, कॉम्प्युटरशिवाय स्वतंत्र चालणारा पहिला क्वेस्ट २०१९चा. त्याचा ओएलईडी डिस्प्ले मला अजून आवडतो. त्यातला काळा रंग खरोखर काळा दिसतो, नंतरच्या क्वेस्ट २च्या एलसीडीसारखा राखाडी नाही. पण २०२४मध्ये त्याच्यासाठी नवीन ॲप येणं थांबलं आणि सुरक्षेचे अपडेटही संपले. आता तो घ्यायचाच तर केबलने कॉम्प्युटरला जोडून वापरण्यापुरता, तेही फुकटाच्या भावात.

मोबाइल आत बसवायचे सॅमसंग गिअर व्हीआरसारखे डबे तर हातातही घेऊ नका. त्यांची सेवा २०२०मध्येच बंद झाली. शिवाय या डब्यांना आणि २०१८च्या ऑक्युलस गोला फक्त मान वळवलेली कळते. तुम्ही पुढे झुकलात किंवा खाली बसलात, तर त्यांना पत्ताच नसतो. डोळ्यांसमोरचं जग तुमच्याबरोबर सरकत नाही आणि पाच मिनिटांत मळमळायला लागतं. पहिला अनुभव असा घेतलेला माणूस पुन्हा व्हीआरच्या वाटेला जात नाही.

मग घेण्यासारखं काय उरतं? माझ्या मते दोनच गट. स्वतंत्र चालणाऱ्यांपैकी २०२०चा क्वेस्ट २, आणि ज्यांच्याकडे दमदार ग्राफिक्स कार्ड आहे त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवरच्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरवर चालणारे व्हाइव्ह आणि इंडेक्स हे हेडसेट. क्वेस्ट २ घेणाऱ्याने मात्र एक तुलना करावीच. २०२४च्या क्वेस्ट ३एसमध्ये दर डोळ्याला तेच १८३२ × १९२० पिक्सेल आहेत, लेन्सही त्याच जातीची. फरक आहे तो प्रोसेसरचा आणि बाहेरचं दृश्य रंगीत दिसण्याचा. क्वेस्ट २ला बाहेरचं जग करड्या रंगात दिसतं आणि काही नवे गेम त्याच्यासाठी बनतच नाहीत. दोघांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर क्वेस्ट २ घेऊ नका. निम्म्याहून कमी किमतीत, चांगल्या अवस्थेत मिळत असेल आणि तुम्हाला व्यायाम, लयीचे गेम, कॉम्प्युटरवरचे गेम एवढंच हवं असेल, तर खुशाल घ्या. ६४ जीबीचा असेल तर थोडं थांबा. यात मेमरी कार्ड बसत नाही आणि मोठे चार-पाच गेम टाकले की जागा संपते.

चूक: आपल्या डोळ्यांचं माप न घेता घेणं

चित्र धूसर दिसतं म्हणून हेडसेट विकणारे कितीतरी जण असतात आणि त्यातल्या बऱ्याच हेडसेटमध्ये काहीही खोट नसते. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि लेन्सचं अंतर त्याच्याशी जुळावं लागतं. क्वेस्ट २मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. लेन्स हाताने धरून सरकवाव्या लागतात. रिफ्टच्याच पुढच्या आवृत्तीत, रिफ्ट एसमध्ये, तर लेन्स हलतच नाहीत. तुमचं अंतर ७०च्या पुढे किंवा ५८च्या बरंच आत असेल, तर तो हेडसेट तुमच्यासाठी नाही, कितीही स्वस्त मिळो.

माप घ्यायला आरशासमोर उभं राहा, मोजपट्टी भुवईला टेकवा. उजवा डोळा मिटून डाव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य धरा, मग डोकं न हलवता डावा मिटून उजव्या बाहुलीचा आकडा वाचा. तीनदा मोजा. चष्म्याच्या दुकानातल्या नोंदीत हा आकडा असेल तर आणखी चांगलं.

या जुन्या लेन्सचा आणखी एक स्वभाव आहे. त्यांच्यावर एकात एक गोल कडी कोरलेली असतात, त्यामुळे मधोमध तेवढं स्पष्ट दिसतं आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाच्या रेघा फुटतात. हा बिघाड नाही. हेडसेट बोटभर वर-खाली करून अक्षरं सगळ्यात रेखीव दिसतील तिथे थांबवा आणि मगच पट्टा घट्ट करा. बरेच जण उलटं करतात, आधी पट्टा आवळतात आणि मग डोळे ताणत बसतात.

चष्मा लावत असाल तर आत बसणारी, पोकळी वाढवणारी चौकट सोबत आहे का, ते विचारा. चष्म्याची काच लेन्सला घासली की दोन्हींवर ओरखडे पडतात. लेन्स पुसायला कोरडं मायक्रोफायबर फडकंच वापरा. अल्कोहोल, काचा पुसायचा फवारा किंवा सदऱ्याचं टोक, काहीही नको.

चूक: केबल आणि पोर्ट नंतर बघू

रिफ्ट एसला डिस्प्लेपोर्ट लागतो. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असेल तर साधा कन्व्हर्टर लावून काम होत नाही. पहिल्या रिफ्टला एचडीएमआयसोबत सेन्सरसाठी दोन-तीन यूएसबी पोर्ट हवेत आणि त्याची केबल खास त्याच्याचपुरती बनवलेली आहे. ती तुटली की नवी मिळणं जवळजवळ अशक्य. बघायला जाल तेव्हा हेडसेट चालू ठेवून केबल डोक्याजवळच्या टोकाला हलकेच हलवा. चित्र लुकलुकलं तर तिथूनच परत फिरा.

व्हाइव्ह घेताना बेस स्टेशन, म्हणजे हालचाल टिपण्यासाठी खोलीत लावायचे डबे, कोणत्या पिढीचे आहेत ते बघा. २०१६चा मूळ व्हाइव्ह दुसऱ्या पिढीच्या बेस स्टेशनशी जुळत नाही. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर हेडसेट पीएस५ला (प्लेस्टेशन ५ला) जोडायचा तर कॅमेऱ्यासाठी वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि त्यासाठी घेतलेले गेम पुढच्या व्हीआर२वर चालत नाहीत.

घरी आणल्यावरच्या तक्रारी

हात तरंगत निघून जातात किंवा थरथरतात? आधी खोली बघा, कंट्रोलर नंतर. क्वेस्टचे कॅमेरे कंट्रोलरच्या कड्यातले इन्फ्रारेड दिवे शोधत असतात. मोठा आरसा, खिडकीतलं थेट ऊन, भिंतीवरच्या दिव्यांच्या माळा यांनी ते चकतात. आरशावर चादर टाकून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. अंधार केला तरी हातांचा माग (ट्रॅकिंग) सुटतो. सेटिंगमध्ये वीजपुरवठ्याची वारंवारता ५० किंवा ६० हर्ट्‌झ निवडता येते, तीही एकदा बघून घ्या. एवढं करूनही हात थरथरत असतील तर सेल बदला. सेल ठेवायच्या कप्प्यात पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर जुने सेल गळलेले आहेत. कापूसकाडीला जरासा व्हिनेगर लावून पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या.

गेममधलं पात्र आपोआप एका बाजूला चालत असेल तर कंट्रोलरची कांडी (जॉयस्टिक) झिजली आहे. दुकानदार हे हमखास लपवतो. सेटिंगच्या पडद्यावर बोट न लावता यादी आपोआप सरकते का, ते घेतानाच पाहा.

चेहऱ्याला लागणारा फोम मात्र निःशंक फेकून द्या. दुसऱ्याचा घाम हे एक कारण झालंच. दुसरं असं की क्वेस्ट २च्या सुरुवातीच्या फोममुळे काहींच्या त्वचेवर पुरळ आलं आणि २०२१मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख नग परत मागवण्याच्या सूचनेत आले. नंतर त्यावर सिलिकॉनचं आवरण दिलं गेलं. ते आवरण सोबत नसेल तर नवं घ्या.

खात्याचं काम विक्रेता समोर असतानाच उरका. त्याने आपलं खातं काढून फॅक्टरी रीसेट करावा, तुम्ही तिथेच आपल्या खात्याने लॉग-इन करून एक गेम डाउनलोड करावा. ‘शंभर गेमसकट देतो’ या बोलण्याला काही अर्थ नाही. गेम खात्याला चिकटलेले असतात, यंत्राला नाही.

बॅटरी सगळ्यात शेवटी तपासा, पण तपासाच. क्वेस्ट २ नवा असताना दोन ते तीन तास चालायचा. पूर्ण चार्ज करायला लावून अर्धा तास जड गेम खेळा. तेवढ्यात निम्मी उतरली, तर पुढे पॉवर बँक खिशात ठेवूनच खेळावं लागेल. तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.