ससा शिंकतोय? औषधाआधी त्याच्या पायाखाली बघा

आमच्या सशाचं नाव जिरावन. इंदूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की पोह्यांवर भुरभुरवायचा इथला मसाला म्हणजे जिरावन, आणि याच्या अंगाचा रंग हुबेहूब तसाच. घरी आल्यावर आठवड्याभरात तो शिंकायला लागला. सशाची शिंक म्हणजे नुसतं बारीक ‘फुस्स’, पण लागोपाठ सहा-सात. सासूबाई म्हणाल्या, “थंडी बाधली गं त्याला, अंथरूण वाढव.” मी पिंजऱ्यात अजून दोन मुठी भुसा टाकला. शिंका दुप्पट झाल्या.

भुसा की भूसा?

इथे आपल्या मराठी घरांची एक वेगळीच पंचाईत आहे. आपला भुसा लाकडाचा. इथल्या बाजारातल्या हिंदीत ‘भूसा’ म्हणजे गुरांना घालतात तो गव्हाचा, आणि लाकडाच्या भुशाला इथे ‘बुरादा’ म्हणतात. पहिल्यांदा मुलाला भुसा आणायला पाठवलं तर तो छावणी बाजारातून गव्हाचं पोतं घेऊन आला. मग मीच आरा मशीनवरून, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवरून, ‘बरोबर’ वस्तू आणली. खरं तर दोन्ही चूक होत्या.

ससा श्वास घेतो तो नाकानेच. तोंडाने घ्यायला लागला तर समजावं की प्रकरण हाताबाहेर चाललंय. आणि ते नाक दिवसभर जमिनीपासून दोन बोटांवर. लाकडाच्या भुशातली पिठासारखी भुकटी प्रत्येक उडीला वर उडते. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा तर आणखी वाईट, कारण त्यात प्लायवुड आणि एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांची) भुकटी असते. त्यांच्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड हे नाकाला झोंबणारं रसायन असतं. गव्हाच्या भूशात धूळ असते आणि कुसळं. एखादं कुसळ नाकपुडीत अडकलं, तर ससा अचानक जोरजोरात शिंकतो आणि पंजाने तीच बाजू चोळत बसतो.

रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्यांत धूळ कमी, म्हणून त्या चालतील असं वाटतं. पण त्या चीड (पाइन) किंवा देवदाराच्या असतील तर नकोच. आपल्याला आवडणारा तो सुवास त्याच्या नाकाला झोंबतो, शिवाय त्या सुवासातली द्रव्यं यकृतावर ताण आणतात.

मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती चुकूनही वापरू नका. ससा जमिनीवरचं काहीही चावून बघतो. ही माती पोटात फुगली तर वाट बंद होते, आणि सशाला उलटीही करता येत नाही.

मग काय घालायचं? कागद. आमच्याकडे जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या असतात, गुळगुळीत रंगीत पुरवण्या सोडून. कागदाच्या गोळ्या मिळाल्या तर उत्तमच, ओल जास्त शोषतात. आणि सगळा पिंजरा भरायचं कारणच नाही. ससा लघवीसाठी बहुतेकदा एक कोपरा ठरवतो. त्या कोपऱ्यात ट्रे ठेवायचा, त्यात कागद, वर सुकं गवत. ट्रेमध्ये बसून गवत खाणं त्याला आवडतंच. बाकी जमिनीवर सतरंजीचा तुकडा किंवा जुनी सुती गोधडी. तो धागे काढून खायला लागला तर मात्र ती उचलायची. गवत टाकण्याआधी गच्चीवर नेऊन झटका, आणि पावसाळ्यात कुबट वास आला तर सरळ फेका. बुरशीनेही शिंका येतात.

गुडघे टेकून वास घ्या

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती, की मी पिंजरा फक्त रविवारी साफ करायचे. उभं राहून काही वास येत नव्हता. एक दिवस गुडघे टेकून त्याच्या नाकाच्या उंचीला नाक नेलं, तर डोळ्यांत पाणी आलं. लघवी साचली की जिवाणू तिचा अमोनिया करतात. तो नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला भाजतो, आणि तिथे मग जंतूंना आयतीच जागा मिळते. आता ट्रे रोज रिकामा होतो. तळाशी साचणारा पांढरा थर कॅल्शियमचा असतो. त्यावर पांढरा सिरका (व्हिनेगर) ओतून दहा मिनिटं ठेवा, मग पाण्याने धुऊन वाळवा. फिनाइल नको. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या येणाऱ्या शहराला हे सांगणं जड जातं, पण नकोच.

उदबत्ती, डासांची कॉइल, मिरचीची फोडणी, पावडरचा डबा, मे महिन्यात कूलरच्या न बदललेल्या जाळ्या: या सगळ्यांपासून पिंजरा लांब.

सर्दी समजून गोळी देऊ नका

अंथरूण बदलून, हवा मोकळी ठेवून चार-पाच दिवसांत फरक नाही पडला, तर डॉक्टर. नाकातून पांढरा-पिवळा चिकट स्राव, पुढच्या पंजांच्या आतले केस चिकटलेले (तो त्यांनीच नाक पुसतो), डोळ्याला पाणी, यातलं काही दिसलं तर तेवढंही थांबू नका. पाश्चुरेला नावाच्या जिवाणूचा संसर्ग सशांत नेहमीचा आहे. कधी वरच्या दातांची मुळं वाढून अश्रुनलिका दाबतात, आणि आपण मात्र सर्दी समजून बसतो. खाणं थांबलं, लेंड्या दिसेनात, किंवा तोंड उघडून श्वास चालू झाला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला न्या.

घरातली अँटिबायोटिकची गोळी अर्धी करून देणारे भेटतात. अमॉक्सिसिलिन माणसांना सर्रास देतात, पण सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून तो दगावू शकतो. डॉक्टरांनाही आधी विचारा, सशांवर उपचार करता का; कुत्र्या-मांजरांचे सगळेच करतात असं नाही. आणि दुसरा ससा आणलात तर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. वरून ठणठणीत दिसणारा ससाही पाश्चुरेला बाळगून असू शकतो.

जिरावनच्या शिंका पाचव्या दिवशी जवळजवळ थांबल्या. आता गवत झटकायला मी आळस केला, तर एखादी येते. गव्हाचं पोतं दूधवाल्या भैयांच्या म्हशीने संपवलं. लाकडाचा भुसा शेजारच्या काकांनी नेला, त्यांच्या स्कूटरखाली सांडलेलं तेल टिपायला.