रेड सॉक्सच्या ऑफसीझनवर वाद घालायचाय? आधी वर्षं मोजा

बेसबॉलची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) संपली की पाच दिवसांनी फ्री एजंट, म्हणजे करार संपलेले आणि कुठल्याही टीमकडे जाऊ शकणारे खेळाडू, मोकळे होतात आणि बॉस्टन रेड सॉक्सच्या फॅन लोकांचा दुसरा सीझन सुरू होतो, कारण मॅच नसल्या की बोलायला दोनच गोष्टी उरतात, कोणाला आणायचं आणि त्यासाठी कोणाला द्यायचं. बॉस्टनच्या आसपास राहणारी आपली बरीच मंडळी फेनवेला, म्हणजे टीमच्या मैदानावर, जाऊन गेम शिकलेली असतात, पण डिसेंबरात ऑफिसमधले लोक ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), प्रॉस्पेक्ट (अजून वर न आलेला होतकरू खेळाडू), ऑप्शन (खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायची मुभा) वगैरे बोलायला लागले की गप्प बसतात. गप्प बसायची काहीच गरज नाहीये, नियम थोडेच आहेत आणि एकदा ते डोक्यात बसले की या वादात जी मजा आहे ती कधीकधी मॅचमध्ये पण नसते.

पहिली सवय लावायची ती ही, की नाव ऐकल्या ऐकल्या "भारी ट्रेड" किंवा "लुटलं आपल्याला" म्हणायचं नाही, आधी विचारायचं की हा माणूस आपल्याकडे किती वर्षं राहणार आणि जो दिला तो किती वर्षं राहिला असता. मेजर लीगमध्ये १७२ दिवस रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, काढले की एक वर्षाचा सर्व्हिस टाइम धरतात आणि अशी सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू फ्री एजंट होतो. त्यातली साधारण पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात (२०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन आर्बिट्रेशनची (पगाराच्या लवादाची), म्हणजे पगार दरवर्षी वाढत जातो पण टीम मात्र बदलता येत नाही. आयपीएलमध्ये दर तीनेक वर्षांनी मेगा ऑक्शन होतं आणि बहुतेक टीम नव्याने बांधावी लागते, इथे तसं होत नाही, म्हणून इथे तरुण स्वस्त खेळाडूची सहा वर्षं हीच सगळ्यात मोठी करन्सी आहे. लोक प्रॉस्पेक्टवर एवढे भांडतात ते याच्यासाठी.

आता हे मोजमाप वापरून बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनने स्टार आउटफिल्डर मुकी बेट्सला पिचर डेव्हिड प्राइसबरोबर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला दिलं आणि बदल्यात अॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग घेतले. बेट्सचं एकच वर्ष उरलं होतं, त्यामुळे ट्रेडच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एका वर्षाच्या बदल्यात तीन तरुण आले, हिशोब बरोबर आहे. पण डॉजर्सने त्याच जुलैमध्ये, तो त्यांच्यासाठी सीझनची एकही मॅच खेळायच्या आधी, त्याच्याशी १२ वर्षांचा ३६५ मिलियन डॉलरचा करार केला. म्हणजे ती वर्षं विकत मिळत होती, बॉस्टनने घेतली नाहीत. माझा राग तिथे आहे, व्हर्डुगोवर नाही, आणि तुमचा राग नेमका कुठे आहे हे असं एका वाक्यात सांगता आलं की समोरच्याला तुमच्याशी नीट वाद घालता येतो.

सगळ्यात चांगला सराव मात्र गॅरेट क्रोशेचा ट्रेड. डिसेंबर २०२४, विंटर मीटिंग्ज (सगळ्या टीमच्या लोकांची वार्षिक बैठक) चालू होत्या डॅलसमध्ये, आणि बॉस्टनने शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून हा डावखुरा पिचर घेतला, दिले चार जण: कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इनफिल्डर चेस माइड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ. टील २०२३ च्या आणि माँटगोमेरी २०२४ च्या ड्राफ्टचा (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या राउंडचा पिक, आणि माँटगोमेरी तर कॉलेजमध्ये घोटा मोडल्यामुळे प्रोफेशनल मॅच एकही खेळलेला नव्हता. क्रोशेची उरलेली वर्षं फक्त दोन, २०२५ आणि २०२६. नुसतं एवढंच मोजलं तर दोन वर्षांसाठी चार जणांची प्रत्येकी सहा वर्षं गेली, आणि त्या दिवशी कितीतरी लोक नेमकं हेच बोलून चिडले होते. पण मोजणी इथे थांबवायची नाही, पुढचे दोन प्रश्न विचारायचे.

एक, जो गेला त्याची जागा कोण घेणार? टील गेला म्हणजे भविष्यातला कॅचर गेला, पण बॉस्टनने त्याच दिवशी यांकीजकडून कार्लोस नार्व्हाएझ नावाचा कॅचर घेतला, फारशी चर्चा पण झाली नाही त्याची, आणि २०२५ मध्ये तोच मुख्य कॅचर झाला. आउटफिल्डमध्ये आधीच गर्दी होती आणि रोमन अँथनी हा तरुण आउटफिल्डर दारात उभा होता. म्हणजे बॉस्टनने जिथे माल जास्त होता तिथून दिला आणि जिथे खड्डा होता, म्हणजे पहिल्या नंबरचा स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर), तिथे भरला. कुठल्याही ट्रेडवर बोलताना मैदानाचं चित्र कागदावर काढा, प्रत्येक जागेवर आजचं नाव आणि दोन वर्षांनंतरचं नाव लिहा, निम्मे वाद तिथेच सुटतात.

दोन, टीमकडे ती वर्षं वाढवायची इच्छा आणि पैसे आहेत का? २०२५ चा सीझन जेमतेम सुरू झाला होता तेव्हा बॉस्टनने क्रोशेशी सहा वर्षांचा १७० मिलियनचा करार केला, तो २०२६ पासून लागू, त्यामुळे दोनाची सात वर्षं झाली (२०३० नंतर त्याला बाहेर पडायची मुभा आहे, हे पण लक्षात ठेवा). आणि त्याने २०२५ मध्ये २०० च्या वर इनिंग टाकल्या, २५५ स्ट्राइकआउट काढले, अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त, साय यंगच्या (लीगच्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) मतदानात दुसरा आला. मला हा ट्रेड पहिल्या दिवसापासून पटला होता आणि अजून पटतो, टील आणि माइड्रॉथ शिकागोत खेळतायत ते बघून पण पटतो, कारण ट्रेडमध्ये समोरच्याचं पण भलं झालं म्हणून आपलं वाईट झालं असं होत नाही.

बाहेर पडायची मुभा, म्हणजे ऑप्ट-आउट, हा भाग नवीन लोक नेहमी विसरतात. अॅलेक्स ब्रेगमनला फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन वर्षं १२० मिलियनला घेतला तेव्हा "तीन वर्षांसाठी थर्ड बेस मिटला" असं बोलणं चूक होतं, दरवर्षी ऑप्ट-आउट होता आणि पहिल्याच वर्षानंतर त्याने तो वापरला. अशा करारात मोजताना कमीत कमी वर्षं धरायची. आणि ब्रेगमन आल्यामुळे राफाएल डेव्हर्सची जागा गेली, त्याला नुसता बॅटिंग करणारा डीएच केला, मग मे महिन्यात फर्स्ट बेसचा ट्रिस्टन कसास जखमी झाला तेव्हा डेव्हर्सला तिथे खेळायला सुचवलं, त्याने नकार दिला, आणि जूनमध्ये तो दहा वर्षांच्या ३१३.५ मिलियनच्या करारासकट सॅन फ्रान्सिस्कोला गेला. म्हणजे फेब्रुवारीतल्या एका सहीचे धागे जूनपर्यंत जातात. नवीन माणूस आणायच्या गप्पा मारताना तो कुठे उभा राहणार आणि तिथे आत्ता उभा असलेल्या माणसाला कोणी विचारलंय का, हे बोललंच पाहिजे.

आता निकाल आणि निर्णय वेगळे ठेवण्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त कडवटपणा येतो. डिसेंबर २०२३ च्या शेवटी पिचर ख्रिस सेलला अटलांटाला देऊन इनफिल्डर व्हॉन ग्रिसम घेतला. त्या आधीच्या तीन सीझनमध्ये मिळून सेलने ३१ स्टार्ट केले होते, वय ३४, आणि ग्रिसम २२ वर्षांचा, पुढे सहा वर्षं हातात. वर्षांच्या मोजणीत बॉस्टन जिंकलं. प्रत्यक्षात सेलने २०२४ मध्ये १८ विजय, २.३८ ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेले रन, कमी तितके चांगले), २२५ स्ट्राइकआउट करून नॅशनल लीगचं साय यंग घेतलं आणि ग्रिसम दुखापतींमुळे त्या वर्षी बॉस्टनसाठी ३१ मॅचेस खेळला. निर्णय मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी हातात जी माहिती होती तिच्यावर तो समजण्यासारखा होता, पण ज्या टीमला पिचर हवेत तिने पिचर का दिला हा प्रश्न त्या दिवशीसुद्धा विचारता येत होता आणि काही लोकांनी विचारला होता. म्हणून ट्रेड झाला त्याच दिवशी आपलं मत तारीख घालून दोन ओळींत लिहून ठेवा, का आवडला, का नाही आवडला. वर्षभराने "मी तेव्हाच म्हणालो होतो" म्हणायची वेळ आली तर पुरावा पाहिजे ना.

प्रॉस्पेक्टबद्दल बोलायचं तर रँकिंग वाचा पण एकच यादी धरून बसू नका, बेसबॉल अमेरिका, एमएलबी पाइपलाइन, फॅनग्राफ्स तिघांच्या याद्या वेगळ्या असतात आणि जिथे फरक मोठा असतो तिथेच बोलण्यासारखं काहीतरी असतं. स्काउट लोक २० ते ८० मध्ये मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, त्यामुळे ५५ वाचून नाक मुरडू नका, तो चांगला मार्क आहे. आकड्यांच्या आधी वय आणि लेव्हल बघा. ग्रीनव्हिलला हाय-ए मध्ये (मायनर लीगची मधली पायरी) २३ वर्षांचा पोरगा ३०० ने (ही बॅटिंगची सरासरी) मारतोय आणि वूस्टरला ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) २० वर्षांचा २७० ने मारतोय, तर दुसऱ्याकडे लक्ष द्या. वूस्टर तर बॉस्टनपासून तासाभरावर आहे, पोलर पार्कला पोराबाळांना घेऊन जा, तिकीट फेनवेपेक्षा खूप स्वस्त असतं आणि ज्याच्याबद्दल तुम्ही डिसेंबरात भांडणार आहात त्याला डोळ्यांनी बघून घ्या.

आणि प्रॉस्पेक्टचा रस्ता सरळ नसतो हे क्रिस्टियन कॅम्पबेलकडे बघून शिका. २०२४ चा बेसबॉल अमेरिकाचा मायनर लीग प्लेयर ऑफ द इयर, २०२५ ला पहिल्या दिवसापासून सेकंड बेसवर, एप्रिलच्या सुरुवातीलाच आठ वर्षं ६० मिलियनचा करार, पहिल्या महिन्याचा लीगचा सर्वोत्तम रूकी, आणि जूनमध्ये परत वूस्टरला. त्याच जूनमध्ये अँथनी वर आला आणि ऑगस्टमध्ये त्याला आठ वर्षं १३० मिलियन मिळाले. दोघांपैकी कोण ट्रेड करायचा असं मार्चमध्ये विचारलं असतं तर मिळालेली उत्तरं आणि सप्टेंबरमधली उत्तरं वेगळी असती. एखादा पोरगा दोन महिने झगडला म्हणून त्याला "बस्ट" म्हणू नका, २२-२३ वर्षांचा असतो तो.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते ती सांगतो, नुकसानभरपाईचे पिक. आपला फ्री एजंट जाणार असं दिसलं की टीम त्याला एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर देते, त्याने नाकारली आणि दुसरीकडे गेला तर ड्राफ्टमध्ये जादा पिक मिळतो. एदुआर्दो रॉड्रिगेझ डेट्रॉइटला गेला, त्याचा पिक मिळाला, त्यावर २०२२ मध्ये ७९ व्या नंबरला रोमन अँथनी घेतला. झँडर बोगार्ट्स ११ वर्षं २८० मिलियनवर सॅन डिएगोला गेला तेव्हा सगळे हळहळले (मी पण), त्याच्या बदल्यातल्या पिकवर २०२३ मध्ये कॅम्पबेल आला. फक्त तो पिक चौथ्या राउंडनंतरचा होता, कारण २०२२ मध्ये बॉस्टनने लक्झरी टॅक्सची (टीमच्या एकूण पगारावरचा दंड) मर्यादा ओलांडली होती आणि त्याची शिक्षा म्हणून पिक खाली ढकलला गेला. म्हणून मालकांनी थोडक्यात ती मर्यादा ओलांडली की नाही यावर लोक एवढे चिडतात, प्रश्न नुसत्या टॅक्सच्या पैशाचा नसतो.

रूल ५ ड्राफ्ट थोडक्यात: ४० जणांच्या रोस्टरवर न ठेवलेले जुने मायनर लीगर दुसरी टीम एक लाख डॉलरला उचलू शकते, पण वर्षभर मेजर लीगमध्ये ठेवावं लागतं. बॉस्टनने डिसेंबर २०२० मध्ये यांकीजकडून गॅरेट व्हिटलॉक असाच उचलला, कोपराचं ऑपरेशन झालेला, आणि पुढच्याच वर्षी १.९६ ईआरए. नोव्हेंबरमध्ये ४० ची यादी ठरते ती नक्की बघा.

अफवांच्या बाबतीत "टीम इंटरेस्टेड आहे" याला शून्य किंमत द्या, सगळ्या टीम सगळ्यांमध्ये इंटरेस्टेड असतात. "मेडिकल बाकी आहे" ही ओळ मात्र गंभीरपणे घ्या. शॉर्टस्टॉप कार्लोस कोरेयाचा डिसेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सबरोबर १३ वर्षं ३५० मिलियनचा करार ठरला, मेडिकलमध्ये अडकला, मग मेट्सबरोबर १२ वर्षं ३१५, तोही तिथेच अडकला, शेवटी मिनेसोटाला सहा वर्षं २०० वर गेला.

वाद घालताना एक चाचणी जरूर करा, तुम्ही सुचवलेला ट्रेड समोरच्या टीमच्या फॅनच्या खुर्चीत बसून वाचा, तो लगेच "नको" म्हणणार असेल तर ट्रेड अजून तयार नाहीये. आणि खेळाडूच्या घरापर्यंत जाऊ नका. मे २०२५ मध्ये बॉस्टनचाच लियम हेंड्रिक्स, जो कॅन्सरमधून बरा होऊन परत खेळायला आला, त्याला जाहीर सांगावं लागलं की त्याला आणि बायकोला धमक्या येतायत. असं कोणी आपल्यासमोर बोलत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

फेब्रुवारीत फोर्ट मायर्सला स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचं सराव शिबिर) सुरू झालं की बॅटिंगचे आकडे फार मनावर घेऊ नका, पिचरचा स्पीड गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय का कमी झालाय ते बघा, आणि कोणाचे ऑप्शन संपलेत त्याची यादी जवळ ठेवा (फॅनग्राफ्सवर रोस्टर रिसोर्समध्ये फुकट मिळते). खेळाडूला साधारण तीन सीझनच खाली पाठवता येतं, ते संपले की त्याला आधी वेव्हर्सवर, म्हणजे सगळ्या टीमसमोर, टाकावं लागतं आणि दुसरी कुठलीही टीम उचलू शकते. २६ जणांच्या शेवटच्या दोन-तीन जागा बहुतेक वेळा यावरच ठरतात, त्यामुळे चांगला खेळणारा पोरगा वूस्टरला गेला आणि कमी चांगला वाटणारा राहिला असं दिसलं की मॅनेजरला शिव्या घालायच्या आधी ती यादी उघडा.