मॅट वार्निशवरची पांढुरकी झाक : माझा अनुभव

सांगलीत कृष्णेवर चालणाऱ्या नावांच्या लाकडी प्रतिकृती मी करतो. लहान आकारावर चकचकीत वार्निश खेळण्यासारखे दिसते, म्हणून शेवटचा हात मॅटचाच असावा, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात मात्र नावेच्या काळ्या बाजूंवर वार्निश वाळताच पांढुरकी झाक उमटली. मॅट वार्निशमध्ये चमक घालवण्यासाठी बहुधा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असते. ती डब्याच्या तळाशी बसते आणि वार्निश नीट ढवळले गेले नाही किंवा थर जाड बसला, तर गडद रंगावर पांढरी दिसू लागते. दमट हवेत, विशेषतः स्प्रे वापरल्यास, पृष्ठभागावर बाष्प धरूनही हाच परिणाम होतो.

थर पूर्ण वाळू देऊन मी ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला आणि ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निशचा पातळ थर दिला. त्याने सूक्ष्म खडबडीतपणा भरून निघाला व खालचा काळा रंग पुन्हा खुलला. उघडीप मिळाल्यावर, डबा न हलवता (हलवल्यास बुडबुडे धरतात) काठीने तळापासून सावकाश ढवळून, मॅटचा एकच पातळ हात दिला. पाण्यात सोडायच्या नावेला खालचे थर ग्लॉसचेच द्यावेत, कारण मॅटचा थर तुलनेने कमी टणक असतो.